दोन यंत्रांतला अबोला

२०१७ सालच्या ऑक्टोबर महिन्यानंतर जगभरच्या अनेक घरांत एकाच तऱ्हेची तक्रार ऐकू येऊ लागली. दिवाणखान्यातील टीव्हीला जोडलेले मीडिया प्लेअरचे छोटे यंत्र एकीकडे. आणि आतल्या खोलीत संगणकाच्या किंवा साठवणपेटीच्या हार्ड डिस्कवर ठेवलेला चित्रपटांचा, गाण्यांचा, लग्नामुंजींच्या चित्रणांचा संग्रह दुसरीकडे. या दोहोंचा वर्षानुवर्षे सुरळीत चाललेला व्यवहार एकाएकी थांबला. काल रात्री अर्ध्यावर सोडलेला चित्रपट पुढे पाहावा म्हणून गृहस्थाने बैठक मारावी, तर पडद्यावर एवढेच उमटे की, फोल्डर सापडत नाही. तार जागच्या जागी होती. इंटरनेट चालू होते. डिस्क उघडून पाहिली तर एकही फाइल हरवली नव्हती. दोन्ही यंत्रे धडधाकट, मधला रस्ता मोकळा, आणि तरी एकाचे दुसऱ्याशी बोलणे बंद! एका छपराखाली राहणाऱ्या दोन माणसांनी अबोला धरावा, तसाच हा प्रकार होता.

या अबोल्याचे निदान करू गेल्यास यंत्रशास्त्राच्या जोडीला थोडा इतिहासही जवळ असावा लागतो. प्लेअर साठवणीपासून तुटतो तो पुष्कळदा आजच्या बिघाडाने तुटत नाही. काही दशकांपूर्वी कुठल्याशा कचेरीत, अगदी निराळ्या गरजेपोटी आणि निराळ्या माणसांवर भरवसा ठेवून जे संकेत ठरले, त्यांची मुदत आज त्या पडद्यावर संपलेली असते. हे संकेत घरासाठी ठरलेच नव्हते, ही गोष्ट आरंभीच ध्यानात घेतलेली बरी.

१९८३ च्या मार्च महिन्यात आयबीएम कंपनीने आपल्या व्यक्तिगत संगणकाची एक्सटी ही आवृत्ती बाजारात आणली. तिच्यात १० मेगाबाइटची हार्ड डिस्क होती. आजच्या मोबाइलने काढलेल्या दोन-चार छायाचित्रांनी ती भरून जाईल. परंतु त्या काळी ती मोठी चैन होती, आणि यंत्राची किंमत पाच हजार डॉलरच्या घरात जात होती. अशी डिस्क प्रत्येक कारकुनाच्या मेजावर ठेवणे कोणत्याही कचेरीला परवडण्यासारखे नव्हते. एकाची डिस्क दहा जणांनी वापरावी, हा विचार त्यातूनच निघाला. त्याच सुमारास आयबीएममधील बॅरी फायगेनबॉम यांनी एक युक्ती बसवली. संगणकावरील कार्यक्रम आपल्या डिस्ककडे फाइल मागत असतो. ती मागणी डिस्कपर्यंत पोहोचण्यापूर्वीच मध्ये अडवायची, तारेवरून दुसऱ्या संगणकाकडे धाडायची आणि आलेले उत्तर जणू आपल्याच डिस्कने दिले असे भासवून कार्यक्रमाच्या हाती ठेवायचे. फाइल शेजारच्या खोलीतून आली याचा त्या कार्यक्रमाला पत्ताही लागत नसे. या युक्तीला सर्व्हर मेसेज ब्लॉक, थोडक्यात एसएमबी, असे नाव मिळाले. पुढे मायक्रोसॉफ्टने ती उचलली, वाढवली आणि विंडोजच्या पोटात घातली.

एसएमबीचा व्यवहार मोठा रीतीभातीचा आहे. पाहुणा यंत्र प्रथम यजमान यंत्रापुढे आपल्याला येणाऱ्या बोलींची यादी ठेवते. बोली हा शब्द येथे अलंकार म्हणून आलेला नाही. त्या शास्त्रातील मूळ पारिभाषिक शब्दाचा अर्थच तसा आहे. यादीतील कोणती बोली वापरायची हे यजमान ठरवतो. त्यानंतर पाहुण्याने आपले नाव व परवलीचा शब्द सांगायचा, मग कोणते फोल्डर हवे ते सांगायचे, मग फाइल उघडायची आणि तिचा क्रमांक पदरात पाडून घ्यायचा. या सगळ्या पायऱ्यांची नोंद यजमान आपल्या स्मरणात ठेवतो. संबंध एकदा तुटला की ती नोंद पुसली जाते आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून आरंभ करावा लागतो. कचेरीतील कारकुनाला याचे फारसे दुःख नसे. घरात मात्र दोन तासांचा चित्रपट सलग चालावा लागतो. तेथे वाय-फायचा क्षणाचा अडखळाही ही सारी माळ तोडून टाकतो. चांगला प्लेअर निमूटपणे पुन्हा पायऱ्या चढतो. आळशी प्लेअर फाइल नाही म्हणून सांगून मोकळा होतो, आणि मालकाला वाटते की डिस्कच गेली.

यजमानाला शोधायचे कसे, हाही प्रश्न होताच. १९८४ मध्ये आयबीएमने जे पीसी नेटवर्क आणले, त्यासाठी सायटेक नावाच्या कंपनीने नेटबायोस ही व्यवस्था तयार केली होती. तिच्यात प्रत्येक यंत्राला पंधरा अक्षरांपर्यंतचे नाव असे. सोळावे स्थान ते यंत्र कोणते काम करते हे सांगण्यासाठी राखलेले असे. नावे वाटून देणारा कोणी अधिकारी नव्हता. यंत्र सुरू झाले की साऱ्या तारेवर आपल्या नावाची हाक देई. त्या नावाचा कोणी आधीचा धनी असला तर तो हरकत घेई. नसला तर नाव आपले. कोणाला शोधायचे असले तरी हाकच मारायची. दहा-वीस उंबऱ्यांच्या वाडीत ही रीत उत्तम चालते. तेथे कोणी कोणाच्या घराचा पत्ता विचारीत नाही. पण वाडीचे शहर झाले की हाक पुरत नाही. राउटर नावाचे जे यंत्र दोन जाळ्यांच्या सीमेवर उभे असते, ते असल्या हाका पलीकडे जाऊ देत नाही. घरातील प्लेअर पाहुण्यांसाठी राखलेल्या वाय-फायवर आणि साठवणपेटी मुख्य वाय-फायवर असली, तर एकाच भिंतीच्या दोन बाजूंना असूनही ती परस्परांस बहिरी राहतात. त्याचे मूळ १९८४ च्या त्या वाडीत आहे.

त्याच काळात कॅलिफोर्नियातील सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने अगदी उलट वृत्तीची रीत काढली. तिचे नाव नेटवर्क फाइल सिस्टिम, म्हणजेच एनएफएस. सनच्या अभियंत्यांनी यजमानाला विस्मृतीचे वरदान दिले, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. एनएफएसचा यजमान कोणत्याही पाहुण्याची आठवण ठेवीत नाही. प्रत्येक मागणी स्वयंपूर्ण असते: अमुक फाइल, अमुक ठिकाणापासून, अमुक इतका मजकूर. यजमान मध्येच बंद पडून पुन्हा सुरू झाला तरी बिघडत काही नाही. पाहुणा तीच मागणी पुनःपुन्हा करीत राहतो आणि उत्तर आले की जणू काही झालेच नाही अशा थाटात पुढे चालू लागतो. सर्व्हर उत्तर देत नाही, प्रयत्न चालू आहे, अशा अर्थाची ओळ त्या यंत्रांवर काम केलेल्या पिढीला पाठ झाली होती. ही चिकाटी घरगुती चित्रपटाला फार मानवते. तिची किंमतही होती. पाहुणा आपला वापरकर्ता-क्रमांक जो सांगेल तो खरा मानायचा, असा प्रारंभीच्या एनएफएसचा विश्वासू स्वभाव होता. शिवाय तिची दुसरी आवृत्ती २ गिगाबाइटपेक्षा मोठी फाइल हाताळू शकत नसे. ती मर्यादा १९९५ च्या तिसऱ्या आवृत्तीने दूर केली. जुन्या पेटीवरील लांबलचक चित्रपट नेमका ठरावीक जागी थांबत असेल, तर शोध घेताना ही गोष्ट आठवावी.

आता या कथेतील सर्वांत रंजक भागाकडे वळावे लागते. १९९१ च्या अखेरीस ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे अँड्र्यू ट्रिजेल हे संशोधक-विद्यार्थी होते. त्यांच्या मेजावरील डॉसच्या संगणकाला विद्यापीठाच्या युनिक्स यंत्राची डिस्क दिसावी, एवढीच त्यांची माफक गरज होती. डिजिटल कंपनीचे पाथवर्क्स नावाचे एक उत्पादन असे काम करीत असे. मात्र त्याची बोली ट्रिजेल यांना शिकवणारे कोणी नव्हते. त्यांनी तारेवरून जाणारी पॅकेटे टिपून घेतली, कोणत्या प्रश्नाला कोणते उत्तर जाते ते पाहिले, आणि त्यावरून तसाच उत्तरे देणारा स्वतःचा यजमान लिहून काढला. पुढे या पद्धतीचे वर्णन करताना त्यांनी परक्या देशातील उपाहारगृहाचा दाखला दिला आहे. शेजारच्या मेजावरील गिऱ्हाईक काय मागते आणि वाढपी काय आणून देतो, हे पाहत बसले की व्याकरणाचे पुस्तक न उघडताही फ्रेंच भाषा शिकता येते, असे त्यांचे म्हणणे. ही बोली अन्यत्रही बोलली जाते, किंबहुना मायक्रोसॉफ्टच्या यंत्रांचीही हीच बोली आहे, हे नंतर उघड झाले.

या कार्यक्रमाला पुढे नाव बदलावे लागले, कारण आधीच्या नावावर एका कंपनीचा व्यापारी हक्क निघाला. ट्रिजेल यांनी संगणकातील शब्दकोश चाळून एस, एम आणि बी ही अक्षरे त्याच क्रमाने असलेले शब्द काढले. त्यांत एक सांबा हा ब्राझिली नृत्याचा शब्द होता. तोच कायम झाला. सांबा कोणासही विनामूल्य घेता येई, त्याचा अंतर्भाग पाहता येई, बदलता येई. युरोपीय आयोगाने २००४ साली मायक्रोसॉफ्टला ४९.७ कोटी युरोंचा दंड ठोठावून आपल्या यंत्रांच्या बोलीची माहिती इतरांना देण्याची आज्ञा केली. २००७ मध्ये न्यायालयाने ती उचलून धरली. आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात सांबाच्या मंडळींना ती कागदपत्रे १०,००० युरो भरून रीतसर मिळाली. तोपर्यंतची सोळा वर्षे हे सारे काम मुख्यतः कान देऊन ऐकण्यावर चालले होते. लोकांच्या घरी जी साठवणपेटी पोहोचली, तिच्यात बहुधा लिनक्स आणि त्यावर सांबा असे. दुकानदार ते सांगत नसत. त्यांनाही ठाऊक असेलच असे नाही.

घराकडे येणारी दुसरी वाट खेळण्याच्या यंत्रातून आली. मायक्रोसॉफ्टने २००१ च्या नोव्हेंबरात एक्सबॉक्स हे खेळाचे यंत्र विकायला काढले. त्यात ७३३ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, ६४ मेगाबाइट स्मृती आणि नेटवर्कची तार जोडण्याची सोय होती. काही हौशी कार्यक्रमकारांनी त्या यंत्राची कुलुपे काढून त्याला चित्रपट दाखवायला लावले. त्यांचा एक्सबॉक्स मीडिया सेंटर हा कार्यक्रम २००४ च्या जून महिन्यात पहिल्या पक्क्या आवृत्तीस पोहोचला. दूरच्या डिस्कवरील फोल्डर उघडण्यासाठी त्यांनी सांबाचाच आधार घेतला होता. योग कसा पाहा: मायक्रोसॉफ्टच्या यंत्रावर मायक्रोसॉफ्टच्या संमतीवाचून चालणारा कार्यक्रम मायक्रोसॉफ्टचीच बोली बोलत होता, आणि ती बोली शिकला होता कॅनबेऱ्याच्या एका विद्यार्थ्याच्या टिपणांवरून! त्या कार्यक्रमाचे एक्सबॉक्सशी नाते पुढे सुटले आणि २०१४ मध्ये त्याने कोडी हे नाव घेतले. तोवर टीव्हीखाली ठेवायच्या तयार प्लेअरांची बाजारात रेलचेल झाली होती. मुंबई-पुण्याच्या तसेच इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील मराठी घरांतूनही आजोबांनी टेपवर उतरवून घेतलेली नाट्यगीते संगणकात गेली, आणि संगणकातून या प्लेअरांच्या वाटेने पुन्हा दिवाणखान्यात आली.

परंतु जी बोली घरी आली ती आपल्याबरोबर कचेरीचे सारे संस्कार घेऊन आली. त्यांतला एक तर केवळ निवडणुकीचा होता. जाळ्यावर कोणकोणती यंत्रे आहेत याची यादी एका यंत्राने राखावी, असा विंडोजचा प्रघात. हे यादीवालेपद मिरासदारीने मिळत नसे. यंत्रे आपसांत निवडणूक घेत. कोणाची प्रणाली नवी, कोण अधिक वेळ जागे आहे, असे निकष लावून एकाची निवड होई. मग प्रत्येक यंत्राने दर १२ मिनिटांनी त्याच्याकडे हजेरी द्यायची. सलग तीन हजेऱ्या चुकल्या तरच नाव खोडले जाई, म्हणजे मेलेले यंत्रही ३६ मिनिटे यादीत जिवंत राही. यादीची प्रत दुय्यम यंत्रांकडे पोहोचायला आणखी पाव तास लागे. एकंदरीत ५१ मिनिटांपर्यंत यादी खोटे बोलू शके. घरात यादीवाला म्हणून निवडून आलेला लॅपटॉप मुलाने दप्तरात घालून कॉलेजात नेला की पंचाईत होई. साठवणपेटी जागेवर, फाइली जागेवर, आणि यादी मात्र नाहीशी. बाप प्लेअर बंद करून पुन्हा चालू करी, राउटर बंद करून चालू करी. एवढ्यात नवी निवडणूक उरके, यादी परत येई, आणि श्रेय राउटरची कळ दाबण्याला जाई. घरगुती यंत्रविद्येतील कितीतरी तोडगे असेच लौकिकास चढलेले आहेत.

बोलीचे नूतनीकरण दरम्यान झाले होते. विंडोज व्हिस्टाबरोबर २००६-०७ मध्ये एसएमबीची दुसरी आवृत्ती आली. पहिल्या आवृत्तीत आज्ञांची संख्या शंभरावर गेली होती. दुसरीने ती १९ वर आणली. संबंध क्षणभर तुटला तर उघडलेली फाइल यजमानाने लगेच विसरू नये, अशी तरतूदही तिच्यात होती. म्हणजे घराला जो रोग छळत होता त्यावरचे औषध तयार झाले होते. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर तिसरी आवृत्ती आली. पण औषध रोग्यापर्यंत गेले नाही. दोन-तीन हजार रुपयांचा प्लेअर एकदा विकला गेला की बनवणाराचे त्याच्याशी नाते संपे. त्यात कारखान्याने जी बोली भरली असेल ती त्याच्या जन्माची बोली. तिची विधिपूर्वक ओळख एनटी एलएम ०.१२ अशी होती. एका क्रमांकापर्यंतही कधी न पोहोचलेली ही आवृत्ती जगाच्या कानाकोपऱ्यांत पसरून बसली. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे रुमाल व्यवस्थित बांधलेले आहेत, शाई अजून काळीभोर आहे, पण ते वाचू शकणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी उरली. प्लेअरच्या बाबतीत उलट्या दिशेने तेच व्हायचे होते. येथे वाचकाला जुनीच लिपी येत होती, आणि दफ्तराने ती लिपी बंद करण्याचे ठरवले.

ते ठरण्यास कारण सबळ होते. पहिल्या एसएमबीची जबाबदारी मायक्रोसॉफ्टमध्ये ज्यांच्याकडे होती त्या नेड पाइल यांनी २०१६ च्या सप्टेंबरात जाहीर लेख लिहून ही बोली वापरणे थांबवा, असे कळकळीने बजावले होते. ज्या काळी कचेरीच्या तारेवर परके कोणी नव्हते, त्या काळच्या भोळ्या भरवशावर ती उभी होती. २०१७ च्या १४ मार्चला मायक्रोसॉफ्टने तिच्यातील एक घातक भोक बुजवणारी दुरुस्ती प्रसिद्ध केली. ठीक एका महिन्याने, १४ एप्रिलला, त्याच भोकातून आत शिरण्याचे हत्यार काही अज्ञात मंडळींनी चव्हाट्यावर मांडले. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेकडून चोरीस गेलेले ते हत्यार होते. १२ मे रोजी वॉनाक्राय नावाचा उपद्रव त्याच्या बळावर सुटला आणि दीडशे देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांत शिरला. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांतून रोग्यांना परत पाठवावे लागले. जूनच्या २७ तारखेला नॉटपेट्या हा दुसरा उपद्रव युक्रेनमधून निघाला. मर्स्क या नौवहन कंपनीचे संगणक त्याने बंद पाडले, तेव्हा मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरात त्या समूहाच्या टर्मिनलवर मालाची चढउतार विस्कळीत झाली. ज्या बोलीत घरातील प्लेअर साठवणीशी गुजगोष्टी करीत होता, त्याच बोलीच्या खिंडारातून हे सारे आत आले होते.

म्हणून १७ ऑक्टोबर २०१७ रोजी विंडोज १० ची जी नवी आवृत्ती निघाली, तिच्यात पहिल्या एसएमबीला निरोप मिळाला. नव्याने बसवलेल्या प्रतीत तिचा यजमानाचा भाग मुळातच नव्हता. घरगुती प्रतीत पाहुण्याचा भाग ठेवला होता, पण संगणक चालू असताना एकूण पंधरा दिवस त्याचा उपयोग झाला नाही तर तो आपोआप उतरवला जाई. जुन्या प्रतीवर नवी चढवली असेल तर दोन्ही भागांना हाच पंधरा दिवसांचा नियम होता. अबोला कोणाच्या घरी तत्काळ, कोणाच्या घरी काही आठवड्यांनी, आणि कोणाच्या घरी मुळीच आला नाही, त्याचे रहस्य हे. यादीवाल्याची ती निवडणूकही याच जुन्या बोलीत चालत असल्यामुळे तीही गेली. विंडोजमधील नेटवर्कच्या खिडकीत एरवी दिसणारी शेजारीपाजारी यंत्रे दिसेनाशी झाली.

घरोघर याचा अर्थ मात्र निराळा लावला गेला, आणि तो तसा लावला गेला यात लोकांचा दोष नाही. पडद्यावरील ओळ फोल्डर सापडत नाही एवढेच म्हणत होती. तुमचा प्लेअर जी बोली बोलतो ती सुरक्षिततेसाठी बंद केली आहे, असे ती म्हणाली असती तर कित्येकांचे रविवार वाचले असते. निर्णय योग्य होता. तो कळवण्याची तऱ्हा अयोग्य होती. मग ठिकठिकाणच्या जाणत्यांनी सोपा उपाय सांगितला: विंडोजच्या जादा सोयींच्या यादीत जाऊन पहिल्या एसएमबीपुढे पुन्हा खूण करा. चित्रपट सुरू होई, घर खूश होई. बुजवलेले भुयार पुन्हा उकरले आहे आणि त्या संगणकावर बँकेचे व्यवहारही चालतात, याचा विचार त्या आनंदात कोणी करीत नसे.

शोध घेण्याची खरी रीत निराळी आहे, आणि ती या इतिहासाच्या क्रमानेच जाते. प्रथम नावाचा प्रश्न सोडवावा. यंत्राच्या नावाऐवजी साठवणपेटीचा आकडी पत्ता प्लेअरला थेट द्यावा. तेवढ्याने फोल्डर उघडले तर दोष बोलीचा नाही, हाकेचा आहे, म्हणजे १९८४ चा. मग राउटरमध्ये त्या पेटीसाठी एक पत्ता कायमचा राखून ठेवला की काम भागते. नाहीतर राउटर ठरावीक मुदतीने पत्ते नव्याने वाटतो, आणि पेटी महिन्या-दोन महिन्यांनी घर बदलल्यासारखी हरवते. पत्ता देऊनही नकार आला तर बोलीकडे पाहावे: पेटीच्या व्यवस्थेत दुसरी व तिसरी आवृत्ती चालू आहे काय, प्लेअरची सुधारित आवृत्ती मिळते काय. संबंध जुळतो आणि थोड्या वेळाने तुटतो, असे असेल तर विसरभोळेपणाचा विचार करावा. विंडोजचा यजमान १५ मिनिटे स्वस्थ बसलेल्या पाहुण्याला निरोप देतो, हा कचेरीच्या काळचा नियम आजही मूळ स्वरूपात आढळतो. पेटीची डिस्क वीज वाचवण्यासाठी झोपी जाते आणि जागी व्हायला काही सेकंद घेते, तेवढा धीर प्लेअरला नसतो. आणि वाय-फायचा जोर भिंतीआड कमी पडतो. तारेने जोडून पाहणे ही या शेवटच्या शंकेची सर्वांत स्वस्त परीक्षा होय. यांपैकी काहीच लागू पडत नसेल आणि दोन्ही यंत्रांना एनएफएस येत असेल, तर सनच्या त्या चिवट रीतीचा आश्रय घेण्यास हरकत नाही. पण मग पेटीवरील परवानगी केवळ त्या प्लेअरच्या पत्त्यापुरती ठेवावी.

कोडीने २०१९ च्या जानेवारीत आलेल्या अठराव्या आवृत्तीपासून नव्या बोलींचा अंगीकार केला. त्याबरोबर जाळे चाळून यंत्र निवडण्याची जुनी सोय गेली आणि नाव-पत्ता हाताने लिहिण्याची पाळी आली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात सांबाच्या ४.११ या आवृत्तीने पहिली एसएमबी आपणहून बंद ठेवली. ज्या बोलीच्या श्रवणातून सांबाचा जन्म झाला तिलाच त्याने दाराबाहेर ठेवले. २०२४ च्या ऑक्टोबरात आलेल्या विंडोज ११ च्या आवृत्तीने आणखी एक कडी लावली. तिच्या व्यावसायिक प्रतीत प्रत्येक निरोपावर सहीची सक्ती झाली आणि परवलीच्या शब्दावाचून, केवळ पाहुणा म्हणून, साठवणपेटीत डोकावण्याची मुभा संपली. घरात कशाला पासवर्ड, म्हणून ज्यांनी पेटी सताड उघडी ठेवली होती, त्यांच्याकडे पुन्हा एकदा अबोला सुरू झाला. तेथे उपाय साधा आहे: पेटीवर एक नाव आणि एक परवलीचा शब्द निर्माण करून तो दोन्हीकडे लिहावा.

राहिले ते प्लेअर, ज्यांना नवी बोली शिकवणारे आता कोणी नाही. ते फेकून द्यावेत असे म्हणणे सोपे आहे. पण त्यांतील काहींचा आवाज आणि चित्र आजही उत्तम आहे, आणि चालते यंत्र टाकून देणे मध्यमवर्गीय घराच्या जिवावर येते. काही हौशी लोकांनी अशांसाठी दुभाषी ठेवला आहे. हाताच्या तळव्यावर मावणाऱ्या एका स्वस्त संगणकावर ते सांबा बसवतात. तो एका बाजूने साठवणपेटीशी नव्या बोलीत बोलतो आणि दुसऱ्या बाजूने प्लेअरला जुन्या एनटी एलएम ०.१२ मध्ये उत्तरे देतो. शहाणी माणसे त्या दुभाष्याला बाहेरच्या इंटरनेटपासून अलग ठेवतात, प्लेअर सोडून दुसऱ्या कोणाचे ऐकू देत नाहीत, आणि पेटीतील फाइलींवर त्याला केवळ वाचण्याचा अधिकार देतात.